गावातल्या मुलींना विचारलं तेव्हा

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, ऊसतोड कामगारांचं. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्यांवर जातं ते उन्हाळ्याच्या तोंडाला परततं. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शिकणारी पोरं. मी ग्रामपंचायत सदस्य झाले तेव्हा महिला व बालकल्याणाचा विषय माझ्याकडे आला. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के वाटा त्यावर खर्च करायचा असतो. आमच्याकडे त्यातून अंगणवाडीला खुर्च्या यायच्या, नाहीतर शिलाई मशीन. मी म्हटलं, यंदा आधी मुलींना विचारू, मग पैशाचं ठरवू.

पहिलं काम यादीचं. शाळेचा पट, अंगणवाडीचं रजिस्टर आणि आशाताईची वही शेजारी ठेवून आम्ही 11 ते 18 वयाच्या मुलींची नावं जुळवली. पटावर हजर असलेल्या काही मुली प्रत्यक्षात आईबापाबरोबर उसाच्या फडात होत्या, धाकट्या भावंडांना सांभाळायला नेलेल्या. काहींचं नाव निघालं की बायका गप्प व्हायच्या. त्यांची लग्नं उरकली होती.

मग घरोघर गेलो. आजी किंवा आई शेजारी बसलेली असली की मुलगी एवढंच म्हणायची, "सगळं बरं आहे." म्हणून रविवारी दुपारी अंगणवाडीत फक्त मुलींना बोलावलं. फरशीवर खडूने गावाचा नकाशा काढायला लावला आणि जिथे भीती वाटते तिथे कुंकवाची चिमूट ठेवा म्हटलं. नदीकाठ, स्मशान असं काहीबाही येईल अशी माझी अटकळ होती. सगळ्यात जास्त कुंकू पडलं ते फाट्यावर.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे बाजाराच्या गावाला जावं लागतं. हायस्कूल पाचला सुटतं आणि एसटी निघते साडेसहाला. थंडीत फाट्यावर उतरेपर्यंत मिट्ट अंधार. तिथून गावापर्यंत चालत यायचं, दोन्ही बाजूंनी डोक्याएवढी तूर, आणि टपरीपाशी गाड्या लावून बसलेली पोरं. एक नववीतली मुलगी म्हणाली, "ताई, घरी सांगायचं नाय. आजी पहिली शाळाच बंद करील."

तिच्या आजीलाही मी वाईट म्हणणार नाही. "मायबाप तिकडं, पोर माझ्या जिवावर. उद्या काही झालं तर लेकाला काय तोंड दाखवू?" ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. मुलगी घरी बसली की स्थळं यायला लागतात. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात, नव्या जोडीला मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो, म्हणजे लग्नाचा खर्चही सुटतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. बीडचा आकडा 40 च्या वर. ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, 1098 या मुलांच्या मदत क्रमांकाचा फलक आमच्या चावडीवरही रंगवलेला आहे. तो हवाच. पण आमच्याकडे लग्नाची गोष्ट शाळा सुटण्यापासून सुरू होते, आणि शाळा एसटीच्या वेळेमुळे सुटत होती, हे तो नकाशा बघेपर्यंत आमच्यातल्या कुणी बोललंच नव्हतं.

महिला सभेत ठराव घेतला, तोच ग्रामसभेत मंजूर करून घेतला. आगारात तोंडी विनंतीला "गाडी शिल्लक नाही" एवढंच उत्तर मिळालं. मग शाळेचं वेळापत्रक, मुख्याध्यापकांचं पत्र आणि वाटेतल्या सगळ्या गावांतल्या पासधारक मुलींची यादी जोडून विभागीय कार्यालयात अर्ज दिला. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. त्याच यादीने काम केलं. एका गावाची मागणी बाजूला पडते, चार गावांची पडत नाही. गाडी आता साडेपाचला निघते. 10 टक्क्यांतून फाट्याच्या रस्त्यावर सौर दिवे बसवले.

हे चालू असतानाच उपकेंद्रातल्या सिस्टरनी रक्त तपासलं. बहुतेकींचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली, म्हणजे अंगात रक्त कमी. लोहाच्या निळ्या गोळ्या तर शाळेत मिळतच होत्या. त्या शाळेमागच्या बोरीखाली मातीत सापडल्या. उपाशीपोटी घेतली की मळमळायचं आणि शौचाला काळं झालं की मुली घाबरायच्या. काळं होणं त्या गोळीनेच होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, गोळी जेवणानंतर घ्यायची आणि लगेच वर चहा प्यायचा नाही, हे सिस्टरनी समोर बसवून समजावलं. आता गोळी पोषण आहारानंतर, बाईंच्या समोर. मुलींच्या शौचालयाला आतून कडी नव्हती, ती दुसऱ्याच दिवशी लावली. एवढ्याशा कडीसाठी मुली पाळीचे दिवस घरी काढत होत्या, याचा मला आजही संताप येतो.

सातवीनंतर घरी बसलेल्या दोघी यंदा आठवीत बसल्या. फडात जाणाऱ्या मुलींचा प्रश्न मात्र तसाच आहे. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह मागितलंय. ऊसतोडीच्या गाड्या भरायच्या आत शाळेत नावं द्यायची म्हणून आशाताई आणि मी सध्या घरोघर फिरतोय. आज्यांना मुली रात्री कुठे झोपणार, सोबत बाई कोण असणार, हे आधी बघायचंय, म्हणून त्यांना शाळेची खोली दाखवायला नेणार आहोत.