ब्लाऊजातला खिसा

मागच्या आठवड्यात एका बाईचा फोन आला. नंबर कोणी दिला माहीत नाही, पण आता तो फिरतच असतो. आमच्याच तालुक्यातली, माझ्यासारखंच छातीच्या कॅन्सरचं, एक बाजू काढायचं ऑपरेशन होऊन टाके निघालेली. आधी इकडचं तिकडचं झालं, पाणी आलं का तुमच्याकडे, सोयाबीन कसं आहे, आणि मग एकदम आवाज खाली करून म्हणते, "ताई, ब्लाऊजचं काय करता जी तुम्ही?"

मला इतकं बरं वाटलं ना! हे डॉक्टरला विचारायला लाज वाटते आणि घरात विचारावं असं कोणी नसतं. मग मी तिला सगळं सांगितलं. बाजारात सिलिकॉनचं पॅड मिळतं पण त्याची किंमत आपल्यासारख्यांनी ऐकूनच घ्यावी, आणि आपल्याकडे कापूस काय कमी आहे का. जुन्या मऊ सुती लुगड्याची पिशवी शिवायची, सरकी काढलेला, पिंजलेला कापूस भरायचा. पण नुसता कापूस भरला तर तो हलका, हात वर केला की सरकत सरकत गळ्याशी येतो (माझा भर हळदीकुंकवात आला होता, मी वाणाचं ताट छातीशी धरून तशीच घरी). म्हणून खालच्या अंगाला मोहरीची छोटी पुरचुंडी आत शिवून टाकायची. मोहरी आधी उन्हात कडक वाळवायची, ओल राहिली की वास मारते. वजन दोन्हीकडे सारखं वाटलं पाहिजे, नाहीतर खांदा एकीकडे झुकतो आणि पाठ भरून येते. आणि ब्लाऊजला आतून खिसा शिवून घ्यायचा, पॅड त्या खिशात. आमच्या गावातली शिवणारी आता न सांगता खिसा लावते, वरचे पैसेही घेत नाही.

मोहरीची अक्कल माझी नाही. ती मला गडचिरोलीकडच्या एका काकूंनी दिली, नागपूरला रेडिएशनच्या वेळी.

रेडिएशन म्हणजे मशीनखाली काही मिनिटंच झोपायचं असतं, दुखत काहीच नाही, पण सोमवार ते शुक्रवार रोज, आणि असं कित्येक आठवडे. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून रोज कोण जाऊन येईल. मग आम्ही बायकांनी मिळून दवाखान्याजवळ एक खोली केली, एक गॅस, एक कुकर, आणि गाद्या घरून आणलेल्या. महिना मे. किरणं कुठे द्यायची त्याच्या अंगावर निशाण्या केलेल्या असतात, त्या पुसू द्यायच्या नाहीत, साबण लावायचा नाही, आणि नागपूरचा मे म्हणजे नुसता घाम. सकाळी उठलं की आम्ही एकमेकींच्या निशाण्या बघायचो, "तुही खालची रेघ पुसट झाली वो, आज टेक्निशियनले सांगजो." ज्या छातीकडे मी स्वतः आरशात बघत नव्हते ती या बायका चष्मा लावून तपासत होत्या! तिथे पहिल्यांदा मला वाटलं की हे होऊन जाईल, आपण घरी जाऊ. का तर काकूंची सुरुवात माझ्या आधीची, त्यांची कातडी काळी पडून सोलून परत धरायला लागलेली मी रोज बघत होते.

घरचे, नातेवाईक सगळे म्हणायचे हिंमत ठेव, पॉझिटिव्ह राहा. त्यांचा जीव तुटत होता हे कळतं हो, पण त्याने माझ्या पोटातली भीती हलली नाही. आणि ते योद्धा वगैरे तर मला अजिबात आवडत नाही. मी कुठे लढले, मी तर खाटेवर पडून बेसिनकडे बघत होते. मला धीर यायचा कोणीतरी केसांचे बारीक खुंट दाखवले की, किंवा "केमोनंतर नखं काळी होतात, घाबरू नको, नवीन येते," असं सांगितलं की.

गावात वेगळाच प्रकार. एका घरी माझा चहा कागदी कपात आणि बाकी सगळ्यांचा कपबशीत. बायांनो, कॅन्सर लागत नाही, ना कपातून ना ताटातून ना एका अंथरुणातून. हे मी आता तोंडावर बोलते, तेव्हा नाही बोलले. पण गाव म्हणजे तेवढंच नाही ना. त्या हंगामात आमचा कापूस फुटून वावरात लोंबत होता आणि आमचे हे माझ्यासोबत नागपूरला. बचत गटातल्या बाया आपापली रोजी पाडून आमच्या वावरात वेचायला गेल्या, आणि कागदी कपवाली पण त्यात होती. आता तिच्यावर किती दिवस रागावणार.

वेचणीचं निघालं म्हणून सांगते, काखेतल्या गाठी काढल्या असतील तर तो हात जपायचा. सुकलेल्या बोंडाची टोकं बोटाला टोचतात, साधं खरचटलं तरी त्या हातात इन्फेक्शन होऊन सूज चढू शकते. मी यांच्या जुन्या फुल शर्टाची बाही आणि हातमोजा घालून वेचते, ओझं दुसऱ्या हाताने उचलते. आणि भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सोडू नका. आमच्या सैपाकघराच्या भिंतीवर मी गेरूने खुणा केल्या होत्या, सासूबाई रोज म्हणायच्या, "काल इथवर गेला होता, आज काहून नाही गेला?" फिजिओथेरपीवाली पण इतकी मागे लागली नसती.

दवाखान्यातच एक दारव्ह्याकडचे भाऊ भेटले, तोंडाचा कॅन्सर, खर्रा (सुपारी-तंबाखू घोटून करतात तो) खाऊन. चमचा जाईल एवढंच तोंड उघडायचं. त्यांना मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला पाठवलं तेव्हा त्यांच्या बायकोने आम्हाला सगळी माहिती आणून दिली. मुंबईत दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तिथे पेशंट आणि सोबतचा माणूस राहू शकतो. शेंडगावचे आपले गाडगेबाबा १९५६ मध्ये गेले आणि आज आपली माणसं त्यांच्या नावाच्या छपराखाली केमो घेऊन झोपतात. रेल्वेचा फॉर्म दवाखान्यातून सही-शिक्का करून घेतला की उपचाराला जाताना पेशंटला स्लीपरचं तिकीट माफ आणि सोबतच्याला ७५ टक्के सूट. धामणगाववरून विदर्भ एक्सप्रेसला बसलं की थेट दादर. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन-केमो बसतं, दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. पण जाणं-येणं, खोली, बुडालेली मजुरी त्यात बसत नाही, म्हणून ही असली माहिती सोन्यासारखी. गुटखा २०१२ पासून बंद आहे म्हणतात, आणि त्याच वॉर्डाच्या गेटबाहेर नातेवाईक पन्नीत खर्रा घोटत उभे असतात. त्यावर लिहायला बसले तर वेगळी पोस्ट होईल.

आता उपचार संपले, कॅन्सर परत येऊ नये म्हणून रोजची गोळी चालू आहे, ती पाच वर्षं तरी, काहींना दहा. गोळीने अंगातून वाफा निघतात, त्यात आपला उन्हाळा, म्हणजे आतून पण चूल आणि बाहेरून पण. आणि चेकअपच्या आधीचे दिवस, ते अजून तसेच जातात. पाठ दुखली की कापूस वेचून दुखते का अजून कशाने, हे डोक्यातून जात नाही. आमच्यातली एक परत आजारी होऊन गेली. तिची मुलगी अजून आमच्या ग्रुपवर आहे, नवीन पेशंटला रक्ताची सोय लागली की सगळ्यात आधी तिचाच मेसेज येतो.

म्हणून आम्ही खोलीतल्या सगळ्या जणी चेकअपची तारीख एकच मागून घेतो. सकाळी मॅमोग्राफी, रिपोर्ट दुपारनंतर, मधला वेळ एकटीने काढणं कठीण जातं. मग गेटसमोरच्या टपरीवर तर्री पोहे. वणीवाली म्हणते तेल नको खाऊ डॉक्टरनी सांगितलं, आणि काकू तोवर दुसऱ्या प्लेटवर वरून तर्री मागत असतात, "बाई, मोहरी बाहेर ठेवून आली मी, वजन बरोबर करू दे मले."