वळलात की झाले

बुधवार, रात्री उशिरा

आज एका वृद्ध बाईंना मी रस्ता सांगितला. दिशा बरोबर सांगितली, वाक्य बिनचूक आले, आदर जिथे लागतो तिथे होता, आणि तरीही दुपारपासून जे मनाला लागून राहिले आहे ते काही केल्या जात नाही. लिहून पाहते.

साडेअकराच्या सुमारास मी भाजीची पिशवी घेऊन माउल-बसच्या, म्हणजे वस्तीतल्या छोट्या बसच्या, थांब्यावरून वर येत होते. फुटपाथवर गिंकोची फळे पडून फुटली होती आणि विटलेल्या तुपासारखा तो वास सोलमधल्या आमच्या सगळ्या हेबांगचोन वस्तीभर पसरला होता. त्या वासातून पाय वाचवत चालताना मागून हाक आली, "एगी ऑम्मा, गिल जोम मुरॉबोप्शिदा." म्हणजे, बाळाची आई, जरा वाट विचारू या. त्या वयाच्या बायका इथे माझ्या वयाच्या कुणालाही असेच म्हणतात, त्यात विशेष काही नाही, आणि त्याबद्दल मला आज लिहायचेही नाही.

मी वळले. काळा चष्मा, फुलाफुलांचा बिनबाह्यांचा रुईचा कोट, एका हातात छत्री काठीसारखी टेकवलेली, दुसऱ्या हाताने ओढत आणलेली दोन चाकांची बाजाराची गाडी. त्यांनी खिशातून चौकोनी घडीची चिठ्ठी काढून थेट माझ्या हातात दिली. वर ठळक मार्करने पत्ता लिहिलेला होता आणि खाली एकच शब्द होता, "आन्ग्वा". हे मी आता लिहिते आहे त्या क्रमाने मला तेव्हा दिसले नव्हते. तेव्हा मला दिसला तो फक्त पत्ता, आणि पत्ता दिसताच परीक्षेत नेमका पाठ केलेला प्रश्न यावा तसा आनंद झाला.

कारण हे सगळे मी शिकलेले आहे. २०१४ पासून इथे पत्ते रस्त्याच्या नावाने लिहितात. त्याआधी जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक लिहीत, आणि तुकडे ज्या क्रमाने पडत गेले त्या क्रमाने आकडे, त्यामुळे एका घराशेजारचे घर भलत्याच आकड्याचे असे. आता मोठा रस्ता असेल तर देरो, मध्यम असेल तर रो, बोळ असेल तर गिल. घरांचे आकडे विषम असतील तर डावीकडे आणि सम असतील तर उजवीकडे, आणि साधारण वीस-वीस मीटरवर आकडा पुढे सरकतो. चिठ्ठीवर १४ होते. सम. म्हणजे वरच्या बोळाच्या उजव्या अंगाला, फार आत नाही. मी मनातल्या मनात हा हिशेब केला, पिशवी खाली ठेवली, उजव्या हाताची बोटे जुळवून पंजा उताणा केला (एका बोटाने दाखवणे इथे बरे दिसत नाही), डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार दिला आणि म्हणाले:

"जूऽऽक गाशिदागा, उन्हेंग आफेसॉ ओरुनचोगुरो दोशिम्यॉन द्वेयो."

सरळऽऽ जाता जाता, बँकेपुढे उजवीकडे वळलात की झाले.

त्या वाक्यात किती काय आहे ते इथे राहून झटलेल्या माणसालाच कळेल. "जूऽऽक" किती ताणायचे ते अंतरावर ठरते, आपल्या "सरळऽऽ"सारखेच. "गाशिदागा" आणि "दोशिम्यॉन" यांच्या पोटातला तो "शि" म्हणजे जी व्यक्ती जाणार आहे, वळणार आहे, तिचा मान. शेवटचा "यो" म्हणजे जिच्याशी बोलतो आहोत तिचा मान. रस्ता सांगताना ही दोन्ही माणसे एकच असतात, म्हणून दोन्ही मान एकाच माणसाच्या पदरात घालायचे असतात. पहिल्या वर्षी मी हा "शि" दिसेल तिथे घालत सुटले होते आणि एकदा थांब्यावर "बस येत आहेत" अशा थाटाचे बोलून शेजारच्या मुलींना हसवले होते. पुढे पाहिले तर कॉफीच्या दुकानातली मुलेही गिऱ्हाइकाच्या कॉफीला तोच मान देऊन "कॉफी आल्या आहेत" म्हणतात आणि त्याबद्दल शुद्धभाषावाल्यांच्या शिव्या खातात, तेव्हा जरा बरे वाटले.

आणि उन्हेंग. उन्हेंग म्हणजे बँक, आणि उन्हेंग म्हणजेच गिंको. आमच्या कोपऱ्यावरची बँक वसंतात उठून गेली, काचांवर आतून कागद चिकटवले आहेत, पण तिच्या दारातले गिंकोचे झाड आहे तिथेच आहे, त्यामुळे उन्हेंगपुढे वळा हे म्हणणे खोटे पडत नाही. बाईंनी त्यातले कोणते उन्हेंग घेतले कोण जाणे.

त्या "ने, ने", म्हणजे हो, हो, करत ऐकत होत्या. मग मान लववून "कोमावॉयो" म्हणाल्या, चिठ्ठी पुन्हा घडी करून खिशात ठेवली आणि गाडी ओढत निघाल्या. बस्स, एवढेच झाले. पण त्या एक गोष्ट म्हणाल्या नाहीत, आणि मी तिच्यावरच लट्टू होऊन घरी आले. त्या "हानगुंगमाल जाल हाशिनेयो" म्हणाल्या नाहीत.

किती छान कोरियन बोलता हो तुम्ही. सहा वर्षे मी हे वाक्य ऐकते आहे. टॅक्सीवाला म्हणतो, दंतवैद्य तोंडात आरसा धरून म्हणतो, पलीकडच्या इमारतीचा रखवालदार तर दर आठवड्याला नव्याने म्हणतो. नुसते "नमस्कार" म्हटले तरी हे कौतुक मिळते, मग ते कौतुक कशाचे? दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला दाराबाहेरच किती छान उभे राहता म्हटल्यासारखे ते वाटते. सहा वर्षांत मला इथल्या कुणी रस्ता विचारला नव्हता. विचारणारे माझ्या तोंडाकडे पाहून पुढच्या माणसाकडे वळत, आणि विचारलाच तर पर्यटक विचारत, तोही इंग्रजीत. आज पहिल्यांदा एका इथल्याच माणसाने मला इथल्याच माणसासारखी हाक मारली, मी सांगितलेले ऐकून घेतले आणि कौतुक न करता वाट धरली. मला स्वर्ग दोन बोटे उरला. घरी येऊन मी एकटीच हसले, हेही लिहून ठेवते, कारण पुढचे लिहायचे तर हे लपवून चालणार नाही.

मग कांद्याची पात निवडायला बसले आणि आईला फोन लावला. इथे साडेतीन म्हणजे तिकडे बारा, तिचा स्वयंपाक आटोपलेला असतो. मी तिला मोठ्या हौसेने सगळे वाक्य मराठी करून सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. मला वाटले, आता म्हणेल शाबास. ती म्हणाली, "पायऱ्या हायत का गं तिथं?"

पात माझ्या हातात तशीच राहिली.

बँकेपुढे उजवीकडे वळले की बोळ नाही, जिना आहे. आमची सगळी वस्तीच नामसान डोंगराच्या उतारावर चढवलेली आहे. १९४५ नंतर उत्तरेकडून आलेल्या निर्वासितांनी जिथे जागा मिळाली तिथे घरे बांधली आणि घरांच्या मधून जे उरले त्यांना बोळ म्हटले. शेजारच्या हुआम-दोंग भागाच्या बाजूला १०८ पायऱ्यांचा जुना जिना आहे, त्याला २०१८ मध्ये तिरकी चढणारी लिफ्ट बसवली. आमच्या जिन्याला मधोमध लोखंडी कठडा आहे, बाकी काही नाही. मी दिवसातून दोनदा तो चढते, म्हणून तो मला जिना वाटेनासाच झाला आहे. आणि जिना म्हणजे केदान, हा शब्द मला येत नाही असेही नाही. पहिल्या महिन्यात शिकलेला शब्द आहे. पण "द्वेयो"वर वाक्य इतके सुरेख टेकले होते की त्यापुढे आणखी काही जोडावे असे माझ्या मनातच आले नाही. वळलात की झाले. काय झाले? कुणाचे झाले? माझे वाक्य झाले.

त्यानंतर एकेक गोष्ट उलट्या क्रमाने दिसू लागली. चाकांची गाडी दिसली. छत्री, तीही कोरड्या दिवशी. एवढ्या मोठ्या अक्षरातली चिठ्ठी स्वतः न वाचता माझ्या हातात दिली ती. आणि आन्ग्वा म्हणजे डोळ्यांचा दवाखाना. काळा चष्मा मी उन्हाचा समजले होते. त्यांनी माझे कौतुक का केले नाही ते तेव्हा मला नीट कळले, आणि त्यावर मी जेवढा वेळ स्वतःची कीव केली तेवढा वेळ त्या बाईंचा विचार केला नाही, हेही खरे आहे. त्यांना माझा चेहरा दिसलाच नसावा. म्हणजे सहा वर्षांत ज्या एका माणसाने मला परकी मानले नाही, त्याला मोतीबिंदू होता. हे वाक्य लिहून मी बराच वेळ त्याकडे पाहत बसले, आणि खरे सांगायचे तर मला हसू आले.

आईच्या प्रश्नानंतर आम्ही दुसरे काहीबाही बोललो. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "मग तू सोडायला न्हाई गेलीस व्हय?" तिने काही ठेवणीतला सूर लावला नव्हता, साधे विचारले. पण ती स्वतः काय करते ते मला ठाऊक आहे. आमच्या घरासमोर कुणी पत्ता विचारला तर आई कधी हात करून दाखवत नाही. चपला पायात सरकवते आणि म्हणते, "चला, मला बी तिकडंच जायचंय." तिला तिकडे कधीच जायचे नसते. गॅसवर दूध असते.

आणि तिचे ते "जावा". साताऱ्याकडे मोठ्या माणसाला "जा" म्हणत नाहीत, "जावा" म्हणतात. पुण्याच्या शाळेत मी पहिल्याच आठवड्यात एका बाईंना "पुढं जावा" म्हणाले आणि वर्ग हसला, तेव्हापासून माझे "जावा" सुटले ते सुटलेच. खरे तर त्यात हसण्यासारखे काय होते? पुस्तकी मराठीत लहानाला वळ आणि मोठ्याला वळा, लहानाला थांब आणि मोठ्याला थांबा, पण लहानालाही जा आणि मोठ्यालाही जा. ज्या एका क्रियापदावर सगळी वाट चालते तिथेच मान दाखवायची सोय नाही, आणि ती आमच्या गावाने करून ठेवली होती. इथे येऊन "गासेयो" शिकले तेव्हा मास्तरीणबाई चार-चार वेळा समजावत होत्या की हे नुसते "जा" नव्हे, यात आदर आहे. मला ते पहिल्या फटक्यात कळले होते. ते "जावा" होते. पण तो विषय वेगळा.

संध्याकाळी मी जिन्यावर जाऊन आले. पायऱ्या मोजल्या, ६३ आहेत. मधल्या टप्प्यावर गिंकोची ओली पाने चिकटून बसली होती आणि कठड्याचा एक गज निघालेला आहे, हे मला आजवर माहीत नव्हते. वर दवाखाना बंद झाला होता. दारावरचा वेळेचा कागद वाचून परत फिरले. काय पाहायला गेले होते, तेही नीट सांगता येणार नाही. त्या बाई तिथे गाडी धरून बसलेल्या असतील असे थोडेच होते? कदाचित त्यांनी पायऱ्या पाहिल्या असतील आणि आणखी कुणाला विचारले असेल, आणि त्या कुणीतरी आदराचा एकही प्रत्यय न लावता "अगं आजी, तिकडून नको, बसच्या रस्त्याने ये" असे सांगून गाडी हातात घेतली असेल. हाल्मॉनी, म्हणजे आजीबाई मंडळी, आपल्याला वाटते तशी बिचारी नसतात. गर्दीच्या बसमध्ये कोपराने मला बाजूला सारून जागा पकडणाऱ्याही त्याच असतात. हे आठवले आणि जरा हायसे वाटले. मग वाटले, बसमध्ये जागा पकडणारी आणि चिठ्ठी दुसऱ्याच्या हातात देणारी ही एकाच वयाची असली तरी एकच बाई नव्हे.

इथे रस्ता सांगणाऱ्यासाठी आणखी एक वाक्य असते. "जेगा मोश्योदा दुरिल्केयो." मीच आपणाला नेऊन सोडते. यात तो मानाचा "शि" नाही, कारण जाणारी मी, आणि स्वतःला मान द्यायचा नसतो. उलट मोठ्या माणसाला बरोबर नेण्यासाठी "मोशिदा" हे वेगळे क्रियापदच आहे, ते वापरले की बोलणारा आपसूक एक पायरी खाली उतरतो. पुस्तकात ते विसाव्या धड्याच्या आसपास होते. परीक्षेत मी ते चुकवले नव्हते. आज ते आठवले नाही असे म्हणावे तर तेही खरे नाही. आठवले असते तर पिशवीत गोठवलेली मासळी होती, असे काहीतरी म्हणाले असते. मासळी खरोखरच होती. आईच्या गॅसवर दूधही खरोखरच असते.

रात्री आंघोळीच्या वेळी ते वाक्य आरशापुढे दोनदा म्हणून पाहिले. "मोश्योदा" नीट येते, "दुरिल्केयो"त जीभ अडखळते. ह्याने बाहेरून विचारले, कुणाशी बोलतेस? मी म्हटले, कुणाशी नाही.

उद्या सकाळी दूध आणायला उतरायचे आहे. येताना जिन्याने न चढता बसच्या रस्त्याने फेरा घालून दवाखान्यापर्यंत किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून पाहणार आहे, आणि हळू चालणार आहे.