तुम्ही विचारलंत म्हणून: घासून झाल्यावर लगेच गुळणी का नको?

हिरड्यांच्या उपचारानंतर मी ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचं माउथवॉश लिहून देते आणि बजावते, दात घासल्यावर अर्धा तास थांबा. खुर्चीतून उठता उठता प्रश्न येतोच, "डॉक्टर, पाठोपाठ गुळणी केली तर काय बिघडतं?" दारातल्या दारात सांगून हे पटत नाही, म्हणून लिहिते.

सगळी गोष्ट विद्युतभाराची आहे. क्लोरहेक्सिडीनच्या रेणूवर दोन धनभार असतात आणि त्यांच्यामध्ये सहा कार्बनची साखळी. जिवाणूचा पृष्ठभाग फॉस्फेटसारख्या गटांमुळे ऋणभारित असतो, त्यामुळे रेणू तिकडे आपोआप ओढला जातो. तिथे पटलातल्या, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणातल्या, शेजारशेजारच्या मेदरेणूंना कॅल्शियम-मॅग्नेशियमचे आयन धरून ठेवत असतात. क्लोरहेक्सिडीन त्या आयनांना हुसकावतं आणि स्वतः दोन शेजारी मेदरेणूंना दोन हातांनी पकडतं. साखळी आखूड, त्यामुळे पटलात खोल शिरता येत नाही. पण वरूनच घडी विस्कटते आणि आतलं पोटॅशियम झिरपायला लागतं. मात्रा कमी असेल तर जिवाणूची वाढ थांबते, जास्त असेल तर आतला पेशीद्रव साकळतो.

मग आपल्या गालाच्या पेशी? त्यांच्या पटलाच्या बाहेरच्या थरात बहुतेक मेदरेणू धन आणि ऋण दोन्ही भार बाळगून एकूण उदासीन असतात. ऋणभारित रेणू मुख्यतः आतल्या बाजूला. म्हणून आपल्याला झळ कमी बसते. कमी, अजिबात नाही असं नव्हे. हे औषध डोळ्यात किंवा कानात जाऊ देऊ नका, असं मी म्हणते ते त्यासाठीच.

आता पेस्ट. बहुतेक पेस्टमध्ये फेसासाठी सोडियम लॉरिल सल्फेट असतं आणि ते ऋणभारित. तोंडात फेस उरला असेल तर औषध जिवाणूपर्यंत पोचण्याआधी त्यालाच चिकटतं, आणि दोघांचा नीट न विरघळणारा क्षार होतो. औषध फेसातच वाया जातं. एरवी याच धनभारामुळे ते दातांना, गालांना चिकटून तासन्‌तास काम करत राहतं. चहाचे तपकिरी डाग त्याच चिकटण्यामुळे चढतात, तेव्हा गुळणीनंतर लगेच चहाही नको.

सुरुवातीच्या वर्षांत एक आजी पंधरा दिवस नेमाने घासून लगेच गुळणी करत होत्या. हिरड्यांतून रक्त येतच राहिलं. चिठ्ठीवर मी नुसतं 'दिवसातून दोनदा' लिहिलं होतं. आता वेळ घालून लिहिते: सातला ब्रश, साडेसातला गुळणी.