आमच्याकडे एआय-बिआय काही नाही

एमबीएच्या प्रोजेक्टसाठी मी नाशिकच्या अंबड आणि सातपूर एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांचा सर्व्हे केला. एआय कोण वापरतं आणि त्यानं धंद्यात काय फरक पडतो, एवढंच शोधायचं होतं. गेटवर ताटकळणं, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ वगैरे सगळ्यांच्याच नशिबी असतं, ते सोडून देते.

एका प्रेस शॉपचे, म्हणजे प्रेसवर पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्याचे मालक म्हणाले, “ताई, आमच्याकडे एआय-बिआय काही नाही. आधी ऑपरेटर तर मिळू देत!” चहा येईपर्यंत शेजारच्या टेबलाकडे लक्ष गेलं. पार्टच्या कडेला बर, म्हणजे धारदार कोर, राहिल्यामुळे माल परत आला होता आणि क्वालिटीचा इंजिनिअर कस्टमरला पाठवायचा 8डी रिपोर्ट (दोष का आला आणि त्यावर काय केलं, ते आठ टप्प्यांत सांगणारा) मोबाइलवर चॅटजीपीटीकडून लिहून घेत होता. दोषाचं कारण त्यानंच शोधलेलं, इंग्रजी तेवढं मशीनचं. “आधी अर्धा दिवस जायचा यात, मॅडम.” मालकांना पत्ताच नव्हता.

मग मी मालकांसोबत टेबलावरच्या माणसालाही विचारायला लागले, तेही ‘गेल्या दोन आठवड्यांत कशासाठी वापरलंत?’ असं. अमेरिकेचं जनगणना खातं 2023 पासून कंपन्यांना दोन आठवड्यांचीच मुदत घालून विचारतं, तिथून ते उचललं. युरोपीय संघाचं आकडेवारी खातं असलेल्या युरोस्टॅटचे आकडेही पाहिले. 2024 साली युरोपीय संघातल्या 13.5 टक्के कंपन्या एआय वापरत होत्या, 250 किंवा जास्त माणसं असलेल्यांत मात्र 41 टक्के. पण ते मोजतात 10 किंवा जास्त माणसांच्याच कंपन्या. अंबडमधले कितीतरी गाळे त्यांच्या हिशेबात आलेच नसते.

अडलं ते ‘एआयनं किती रुपयांचा फरक पडला’ या रकान्यावर. रिजेक्शन कमी झालं का? “झालं ना, पण डायपण (प्रेसचा साचा) नवीन टाकली.” आता श्रेय कुणाला द्यायचं? कॉम्प्युटर सगळीकडे दिसतात, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाहीत, असं अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी 1987 मध्येच लिहून ठेवलंय. मी ते गाइड सरांना ऐकवलं. सर काही विरघळले नाहीत.

शेवटी रुपयांचा रकाना काढून टाकला आणि दोन नवे घातले: काम आता किती वेळात होतं, आणि वाचलेल्या वेळात काय करता. इंजिनिअरनं लिहिलं, ‘लाइनवर थांबतो.’ एका अकाउंट्सवाल्या ताईंनी लिहिलं, ‘सहाला घरी जाते.’ हे उत्पादकतेत धरायचं की नाही, यावर सरांशी अजून वाद चालू आहे. ते म्हणतात, ‘इतर’मध्ये टाक.