मंगळावरचं पाणी तुमच्या दुर्बिणीतून दिसतं का?

मी मंगळाचं निरीक्षण करते असं कुणाला कळलं की पहिला प्रश्न ठरलेला : "मग पाणी दिसलं का?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा : "एवढी यानं तिथे घिरट्या घालत असताना तुम्ही हौशी मंडळी इथून काय शोधणार?" दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे. पण तुम्ही पहिला आधी विचारलात म्हणून आधी त्याचं.

दिसतं. फक्त ते वाहत नसतं, साचलेलं नसतं आणि निळंही नसतं. ते पांढरं असतं.

मंगळाच्या पृष्ठभागावर हवेचा दाब सरासरी सहा मिलिबारच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे समुद्रसपाटीला असतो त्याच्या एक टक्क्याहूनही कमी. एवढ्याशा दाबाखाली पाणी द्रवरूपात टिकत नाही. ते गोठतं किंवा उडून जातं. २००८ मध्ये फिनिक्स यानाने मंगळाच्या उत्तर भागात एक लहानसा चर खणला, त्यात पांढरे खडे उघडे पडले आणि चार दिवसांत ते दिसेनासे झाले. वितळून ओल झाली नाही, थेट वाफ झाली. तेव्हा आपण शोधायचं ते ध्रुवावरचा बर्फ, जमिनीवर पडलेलं गोठलेलं दहिवर आणि बर्फाच्या कणांचे ढग. या तिन्ही गोष्टी मध्यम दुर्बिणीच्या आवाक्यात आहेत. नद्यांची कोरडी पात्रं, त्रिभुज प्रदेश, गाळाचे थर हे सगळं यानांचं क्षेत्र. त्यात आपण लुडबुड करू शकत नाही. मंगळ जवळ असतानाही त्याचं बिंब चंद्राच्या सत्तरएक पट लहान असतं आणि लांबच्या प्रतियुतीला (प्रतियुती म्हणजे सूर्य आणि मंगळ पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना येतात ती वेळ) एकशेतीस पट. आठ इंची दुर्बिणीतून उत्तम रात्री अडीच-तीनशे किलोमीटरचा तपशील सुटा दिसला तर मी खूश असते. मंगळाभोवती फिरणाऱ्या हायराइज कॅमेऱ्याच्या एका ठिपक्यात फूटभर जमीन मावते. तुलनाच नाही.

मग करायचं काय? माझ्या मते या छंदातलं बहुतेक काम 'हे पाणी नाही' असं ठरवण्याचं आहे. ऐकायला नकारघंटा वाटेल, पण मंगळावरच्या पाण्याचा सगळा इतिहासच तसा आहे.

खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने अठराव्या शतकाच्या अखेरीस मंगळाच्या पांढऱ्या ध्रुवटोप्या ऋतूनुसार वाढतात-आटतात हे नीट पाहिलं आणि तो बर्फ असावा असं म्हटलं. पृथ्वीसारखाच कललेला अक्ष, पृथ्वीसारखेच ऋतू, मग बर्फही पृथ्वीसारखा. तर्क सरळ होता आणि पावणेदोनशे वर्षं बहुतेकांना पटलेला होता. १९६६ मध्ये लेटन आणि मरे या दोघा शास्त्रज्ञांनी गणित मांडलं की हिवाळ्यात पसरणारी टोपी मुख्यतः गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडची असली पाहिजे, आणि पुढच्या यानांनी ते खरं ठरवलं. मात्र उत्तरेची हंगामी टोपी उन्हाळ्यात उडून गेल्यावर मागे जी उरते, ती १९७६ च्या सुमारास व्हायकिंग यानांनी मोजली तेव्हा पाण्याच्या बर्फाची निघाली. म्हणजे हर्शेल अर्धा बरोबर होता, आणि कुठला अर्धा हे कळायला कक्षेत यान जावं लागलं. आजही दुर्बिणीतून ध्रुवटोपी बघून कुणी "बर्फ!" म्हणाला की माझा पहिला प्रश्न असतो, कुठला ध्रुव आणि कुठला ऋतू?

कालव्यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून ती लांबवत नाही. इटलीतल्या शियापारेल्ली या निरीक्षकाने १८७७ मध्ये मंगळाच्या नकाशावर रेषा काढल्या, अमेरिकेतल्या लॉवेलने त्या कालवे मानून १८९४ पासून त्यावर आटत चाललेल्या ग्रहाची आणि ध्रुवावरून पाणी आणणाऱ्या संस्कृतीची कथा रचली. मला त्यात मोलाचा वाटतो तो माँडरचा प्रयोग. ग्रीनिचच्या वेधशाळेतल्या या माणसाने १९०३ मध्ये शाळकरी मुलांपुढे मंगळाचं चित्र टांगलं. त्यात रेषा नव्हत्या, होते बारीक ठिपके आणि वेडेवाकडे डाग. जवळ बसलेल्या मुलांनी ठिपके काढले. मधल्या अंतरावरच्या मुलांनी मात्र सरळ रेषा काढल्या. त्यांना कुणी काही पढवलं नव्हतं. तपशील दिसण्या-न दिसण्याच्या सीमेवर असला की डोळा स्वतःच तो जोडून टाकतो. पुढे १९०९ मध्ये आंतोनियादीने पॅरिसजवळच्या म्यूदाँच्या ८३ सेंटिमीटर दुर्बिणीतून पाहिलं तर त्या रेषा विरघळून अनियमित डाग उरले. हा आंतोनियादी ब्रिटिश हौशी निरीक्षकांच्या संघटनेच्या मंगळ विभागाचा प्रमुख होता. भ्रम वाढवण्यात हौशी लोक होते, तसे तो मोडण्यातही होते, एवढं नोंदवून ठेवते.

वाफेचा शोध तर आणखी चिवट. कॅम्पबेल या खगोलशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये अमेरिकेतल्या लिक वेधशाळेतून मंगळाचा वर्णपट (प्रकाश रंगांत फाकवून मिळणारा पट्टा; वातावरणातले वायू त्यात आपापल्या काळ्या रेषा उमटवतात) घेतला आणि तो चंद्राच्या वर्णपटाशेजारी ठेवला. चंद्राला हवा नाही; त्यामुळे दोन्हींत सारख्याच दिसणाऱ्या पाण्याच्या रेषा आपल्याच हवेतल्या. मंगळाच्या वर्णपटात जास्त काही सापडलं तर ते मंगळाचं. जास्त काहीच सापडलं नाही. ही युक्ती मला फार आवडते, कारण तिच्यात आधी स्वतःच्या हवेवर संशय घेतलेला आहे. मंगळाची वाफ पकडायला १९६३ उजाडावं लागलं. माउंट विल्सन वेधशाळेतून मंगळ आणि पृथ्वी यांच्यातल्या वेगामुळे किंचित सरकलेल्या रेषा वेगळ्या ओळखल्या गेल्या. सगळी वाफ खाली उतरवली तर थर भरेल मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. एवढंच.

आणि हे जुन्या काळातलंच आहे असं समजू नका. २०११ मध्ये उन्हाळ्यात उतारांवर लांबत जाणारे काळे ओघळ हायराइजच्या छायाचित्रांत सापडले. ते पहिल्यांदा टिपणारा लुजेंद्र ओझा तेव्हा पदवीचा विद्यार्थी होता. २०१५ मध्ये त्या जागी पाणी धरून ठेवणारे क्षार असल्याचं जाहीर झालं आणि वर्तमानपत्रांनी मंगळावर वाहतं पाणी सापडल्याचे मथळे दिले. २०१७ मध्ये त्याच उतारांचे कोन मोजल्यावर ती कोरड्या वाळूची घसरण असावी असा निष्कर्ष आला. पहिल्या बातमीची आठवण सगळ्यांना आहे, दुसरीची फारशी कुणाला नाही.

माझ्या कॅमेऱ्यातही असे खोटे पुरावे रोज तयार होतात. आपण फोटो काढत नाही, व्हिडिओ घेतो. हजारो फ्रेम्समधून हवा क्षणभर थांबली होती त्या वेळच्या फ्रेम्स निवडून एकावर एक रचतो आणि मग त्यांना धार लावतो. धार जास्त झाली की बिंबाच्या कडेला आतल्या बाजूने एक पांढरट कमान उमटते. पहाटेच्या धुक्याची हुबेहूब नक्कल. मंगळ क्षितिजाजवळ असेल तर आपलं वातावरण रंग फाकवतं आणि एका कडेला निळी किनार येते; नवखा माणूस तिला ढग समजतो. म्हणून कडेवरच्या कुठल्याही पांढऱ्या गोष्टीला मी आधी आरोपी मानते. ती निळ्या फिल्टरमधून ठळक आणि लाल फिल्टरमधून फिकी दिसली पाहिजे, कारण बर्फाचे पातळ ढग निळ्यात उठून दिसतात आणि धुळीचे ढग लालमध्ये. तासाभराने ती ग्रहाबरोबर सरकलेली दिसली पाहिजे. आणि दुसऱ्या कुणाच्या दुर्बिणीत, दुसऱ्या प्रक्रियेतून गेलेल्या चित्रातही ती असली पाहिजे. एवढ्यातून उरलं तर मग आनंद करायचा. बहुतेक वेळा उरत नाही.

जे उरतं ते मात्र बघण्यासारखं असतं. थार्सिस पठारावरचे ज्वालामुखी आणि ऑलिंपस मॉन्स यांच्या अंगावर मंगळाच्या दुपारी पांढरे ढग चढतात. वारा उतारावरून वर सरकतो, हवा थंड होते, बाष्प गोठतं. आपल्या डोंगरमाथ्यांवर होतं तेच. सकाळच्या कडेला जमिनीवरचं दहिवर किंवा धुकं असतं आणि ऊन वर चढलं की जातं. हे बघताना मला नेहमी वाटतं की पाण्याचा एखादा थेंब शोधण्यापेक्षा पाण्याची ये-जा बघणं जास्त समाधानाचं आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. यानं असताना आम्ही कशाला?

यानं जवळून बघतात, पण अनेक यानांची कक्षा अशी असते की खालच्या जमिनीवर त्यांना दर वेळी साधारण एकच वेळ भेटते. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरला दिवसा भेटते ती दुपारी तीनच्या आसपासची. पृथ्वीवरून आपल्याला मात्र एकाच नजरेत पहाटेपासून संध्याकाळपर्यंतचा अख्खा दिवस दिसतो. थार्सिसवरच्याच आर्सिया मॉन्स या ज्वालामुखीवर ठरावीक ऋतूत रोज सूर्योदयाला एक ढग जन्मतो आणि काही तासांत वाढत वाढत त्याची शेपटी १,८०० किलोमीटरपर्यंत जाते. मार्स एक्सप्रेस यानाच्या साध्या कॅमेऱ्याने २०१८ मध्ये तो लक्षात आणून दिला. एवढा मोठा ढग इतकी वर्षं निसटला, कारण तेव्हा, सकाळी, तिकडे फारसं कुणी बघत नव्हतं. होप यान २०२१ पासून सगळ्या वेळा बघतं आहे, तेव्हा ही फट आता लहान झाली आहे, बुजलेली नाही.

मार्च २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनियातले हौशी निरीक्षक वेन येश्के यांना मंगळाच्या पहाटेच्या कडेवर एक उंचवटा दिसला. इतरांच्या चित्रांतही तो निघाला. मोजमाप केलं तर उंची दोनशे किलोमीटरच्या वर, जिथे ढग असायलाच नको होता. २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये निबंध आला, सहलेखकांत हौशी निरीक्षक होते. पाण्याच्या किंवा कार्बन डायऑक्साइडच्या बर्फाचा ढग म्हणावं तर वातावरणाचं गणित जुळत नाही, ध्रुवीय प्रकाश म्हणावं तर तो प्रमाणाबाहेर तेजस्वी. निबंधात दोन्ही शक्यता त्यांच्या अडचणींसकट मांडल्या आहेत.

पण माझी सर्वांत आवडती गोष्ट इडॉमची. जपानी निरीक्षक त्सुनेओ साहेकी यांनी १९५४ मध्ये विषुववृत्ताजवळच्या या ठिकाणी काही क्षणांची लख्ख चमक पाहिली होती. मंगळावरचा स्फोट वगैरे तर्क झाले आणि विषय मागे पडला. पुढे डॉबिन्स आणि शीहान या दोन अमेरिकी निरीक्षकांनी जुन्या नोंदी काढून भूमिती तपासली. चमक दिसली तेव्हा त्या जागेवरून सूर्य आणि पृथ्वी जवळपास एकाच दिशेला, डोक्यावर होते. मग आडवे पडलेले बर्फाचे स्फटिक आरशासारखे चमकत असतील का? अशी जुळणी जून २००१ मध्ये पुन्हा येणार होती. त्यांनी भाकीत आधी छापलं, हौशी निरीक्षकांचा गट अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांवर गेला, आणि इडॉम खरोखर लुकलुकलं, व्हिडिओवर आलं. ते बर्फाचे स्फटिक होते की दुसरं काही चकचकीत, हे त्या व्हिडिओवरून ठरत नाही. तरीही जुनी वही, थोडं त्रिकोणमितीचं गणित आणि वेळेवर हजर राहणं एवढ्यावर हे जमलं, आणि ते कुठल्याच यानाचं काम नव्हतं.

दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांबद्दलही विचारतात. तिथे पाणी शोधणं आपल्या हातात नाही. पण ग्रह ताऱ्यासमोरून नेमका कधी जाणार हे वेळापत्रक ताजं ठेवण्यात एक्सोक्लॉकसारख्या प्रकल्पातून हौशी दुर्बिणी खरंच उपयोगी पडतात. संशयाचा नियम तिथेही लागू आहे. के२-१८बी या ग्रहावर २०१९ मध्ये वाफ सापडल्याचं गाजलं. २०२३ मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने पाहिलं तर ती खूण मिथेनची असावी असं दिसलं.

स्वतः बघायचं असेल तर एक गोष्ट सांगते, कारण इथे बातम्या हटकून दिशाभूल करतात. मंगळ 'सर्वांत जवळ' येतो तेव्हा गवगवा होतो : २००३, २०१८. पण त्या वेळी मंगळाचा दक्षिण गोलार्ध आपल्याकडे कललेला असतो आणि धुळीचा हंगाम असतो. २०१८ च्या प्रतियुतीला तर जवळजवळ सगळा ग्रह वादळाखाली होता. पाण्यासाठी लांबच्या, दुर्लक्षित प्रतियुती बघाव्यात. फेब्रुवारी २०२७ मध्ये तशी एक आहे. बिंब जेमतेम १३.८ आर्क सेकंद (एक आर्क सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), अंतर दहा कोटी किलोमीटरच्या थोडं वर. पण तेव्हा तिथे उत्तरेचा वसंत सरत आलेला असेल. उत्तर ध्रुव आपल्याकडे कललेला, हंगामी टोपी आटत चाललेली आणि विषुववृत्तालगत बर्फाच्या ढगांचा पट्टा तयार होण्याचा हाच काळ. निळा फिल्टर लावा, दुर्बिणीचं ट्रॅकिंग (ग्रहामागे ती आपोआप फिरवणारी यंत्रणा) बंद करा आणि बिंब दृश्यातून सरकू द्या. जी कड आधी बाहेर जाते ती मंगळाची संध्याकाळ. थार्सिस त्या कडेजवळ आलं असेल तर ढग तिथेच शोधायचे. नसेल, तर काही दिवस थांबा : मंगळाला स्वतःभोवती फिरायला चोवीस तास सदतीस मिनिटं लागतात, त्यामुळे रोज त्याच वेळी बघितलं तर पृष्ठभाग थोडा थोडा मागे पडत जातो आणि पाच-सहा आठवड्यांत सगळा ग्रह समोरून जातो.