ऑफ-सीझनची वही, ११वा आठवडा: वजन वाढलं, वेग अडला होता

बेसबॉलच्या पुढच्या सीझनसाठी चाललेल्या १६ आठवड्यांच्या तयारीतला ११वा काल संपला. आधी आकडे देऊन टाकतो, कारण दुसऱ्याची नोंद उघडली की मीही आधी तेच शोधतो. ट्रॅप बार डेडलिफ्ट (चौकटीसारख्या बारच्या आत उभं राहून जमिनीवरून वजन उचलणं) ५ रेप्सना, म्हणजे सलग ५ उचलींना, ११० किलो होती, ती १३५ झाली. होम ते फर्स्ट बेस धावणं, म्हणजे ९० फूट, ४.६ सेकंदांवरून ४.४५ वर आलं. स्टॉपवॉच मित्राच्या अंगठ्याखाली होतं, त्यामुळे शेवटच्या आकड्यावर फार विसंबू नका. आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तो जाळीतला थ्रो: सीझन संपताना ताशी ११२ किलोमीटर, ८व्या आठवड्यातही ११२, आता ११६.

मधल्या त्या ११२ ने मला चांगलंच छळलं. पायांत २० किलोंची ताकद जास्त आली आणि बॉलचा वेग मोजणारी रडार गन ढिम्म हलेना. शेवटी फोन बाजूला लावून थ्रो स्लो मोशनमध्ये पाहिला. पुढचा पाय जमिनीवर टेकतोय आणि गुडघा तसाच पुढे वाकत जातोय. मागच्या पायाने जे काही ढकललं, ते सगळं त्या वाकण्यात जिरतंय. गोफणीत फिरवणारा हात ऐन वेळी आखडतो तेव्हाच दगड जोरात सुटतो. इथे तो हात म्हणजे पुढचा पाय. तो रोवला गेला तर कंबर थांबते, कंबर थांबली की धड फिरतं, आणि मग कुठे हाताला वेग मिळतो. मी इतके आठवडे नुसतं ढकलायला शिकत होतो. थांबायचं राहूनच गेलं होतं.

म्हणून ९व्या आठवड्यापासून डेडलिफ्टचे सेट ५ वरून ३ वर आणले आणि उरलेला जोर एका पायावर टाकला. मागे पाय टाकायचे लंज, ३ सेकंद खाली उतरून. बाजूला उडी मारून एका पायावर उतरायचं आणि २ सेकंद पुतळा व्हायचं. हलला तर रेप मोजायचा नाही. पहिल्या दिवशी ८ पैकी ३ मोजले गेले, इतकंच सांगतो. त्यानंतर २ किलोच्या मेडिसिन बॉलचे भिंतीवर फिरवून मारायचे थ्रो, पुढचा पाय ताठ होतोय का एवढंच बघत.

४ किलोमीटर वाढले ते यामुळेच, अशी शपथ मी घेणार नाही. त्याच काळात हातही पूर्ववत होत होता, कारण मध्ये मी एक गाढवपणा केला होता.

पहिले ४ आठवडे बॉलला हात लावला नाही, ते ठीक. ५व्या आठवड्यात मात्र उत्साहाच्या भरात जड प्लायो बॉल काढला. बेसबॉल साधारण १४५ ग्रॅमचा, हा ९०० चा. आठवड्यात तीनदा भिंतीवर मारला आणि कोपराची आतली बाजू ठणकू लागली. विश्रांतीनंतर स्नायू ताजेतवाने वाटतात, पण स्नायुबंध आणि कंडरा त्यांच्या गतीनेच कणखर होतात. ही तीच जागा, जिथला स्नायुबंध १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या (बॅटरला बॉल टाकणाऱ्या खेळाडूच्या) हातात नव्याने बसवला. त्यानंतर अख्खा १९७५ चा सीझन त्याला खेळता आलं नाही. हे मला पाठ होतं, तरी बॉल उचललाच! फिजिओकडे गेलो, १० दिवस थ्रो बंद ठेवले, मग नेहमीच्या बॉलने १५ मीटरवरून पुन्हा श्रीगणेशा.

खांद्याचं म्हणाल तर मुख्य काम मागच्या बाजूचं आहे. अव्वल पिचरचा खांदा सेकंदाला ७,००० अंशांच्या आसपास वेगाने आत फिरतो आणि बॉल सुटल्यावर तो हात आवरायचं काम खांद्यामागच्या लहान स्नायूंवर येतं. त्यामुळे प्रत्येक प्रेसमागे (वजन ढकलणं) दोन रो (वजन स्वतःकडे ओढणं), आणि बँडचा बाहेरचा रोटेशन परत येताना मुद्दाम सावकाश. बारबेल डोक्यावर नेणं मी सोडलंय. लँडमाइन प्रेसमध्ये (बारचं एक टोक जमिनीवर टेकवून दुसरं तिरकं वर ढकलणं) खांद्याचं पातं मोकळं सरकतं.

दमासाठी मैदानाच्या एका बाजूच्या फाउल लाइनपासून दुसऱ्या बाजूच्या फाउल लाइनपर्यंतची लांब धाव बंद केली. जुनी मंडळी नाक मुरडतील. पण एक पिच दोन-तीन सेकंदांत आटोपते, आणि अमेरिकेतल्या अव्वल मेजर लीगमध्ये २०२३ पासून बेस रिकामे असताना पुढच्या पिचसाठी १५ सेकंदांचं घड्याळ लागतं. म्हणून मेडिसिन बॉलचे १२ जोरदार थ्रो, दोन थ्रोंमध्ये १५ सेकंद, मग ३ मिनिटं बसायचं. असे चार डाव. तिसऱ्या डावात पुढचा गुडघा पुन्हा वाकू लागतो. थकव्याने आधी हात जाईल असं वाटलं होतं, जातो तो पाय.

१२व्या आठवड्यात पहिल्यांदा माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर. सपाटीवर जमलेला पाय उतारावर टिकेल का, याची धाकधूक आहे. २५ पिचेस, ७० टक्के जोराने, सगळे फास्टबॉल. कॅमेरा थर्ड बेसच्या बाजूला लावणार आहे आणि रडार गन बॅगेतच राहणार आहे.