पहिला टप्पा: कॅरिअरचा डावा खालचा बोल्ट तुटला

सायकलच्या डिस्क ब्रेकचा कॅलिपर (पॅड धरणारा भाग) चुकवायला मागच्या कॅरिअरच्या डाव्या पायाखाली 10 मिलिमीटरचा स्पेसर (अंतर राखणारी नळी) घातल्याचं मागच्या अपडेटमध्ये लिहिलं होतं. नेमका तिथलाच एम5 (5 मिलिमीटर जाडीचा) बोल्ट गेला. सामान 16 किलो, सगळं मागे, आणि रस्ता कच्चा.

तुकड्याचं तोंड पाहिलं की कारण कळतं. बराचसा भाग गुळगुळीत, काळपट. एका कडेला चंद्रकोरीसारखी खरखरीत, चकचकीत पट्टी. म्हणजे चीर हळूहळू वाढत होती आणि शेवटी उरलेली पट्टी तुटली. बोल्ट घट्ट असतो तोवर भार कॅरिअर आणि फ्रेममधल्या घर्षणावर पेलला जातो. तो सैल पडला की सगळा भार बोल्टच्या अंगावर येतो. स्पेसरमुळे पाय फ्रेमपासून लांब, त्यामुळे प्रत्येक हादऱ्याला बोल्ट आयलेटच्या, म्हणजे फ्रेमवरच्या आटे असलेल्या भोकाच्या, तोंडाशी वाकतो, आणि चीर तिथल्याच आट्यात सुरू होते.

अडकलेला तुकडा काढायला चाक उतरवावंच लागतं. आत, चाकाच्या बाजूला, दोन-तीन मिलिमीटर टोक डोकावत असेल तर काम सोपं. कॅलिपर आधी फडक्याने झाकायचा, कारण पॅडला तेल लागलं की ब्रेक गेला. मग आयलेटवर थेंबभर तेल, थोडा वेळ थांबायचं, आणि छोट्या लॉकिंग पकडीने टोक धरून आतून पाहताना घड्याळाच्या उलट फिरवायचं. तुकडा आतल्या बाजूनेच काढावा. पकडीने चेचलेलं टोक आयलेटमधून ओढलं तर फ्रेमचे आटे खराब होतात. चौथ्या हिसक्याला तो सुटला आणि आटे शाबूत निघाले! पूर्ण टप्प्यातला सगळ्यात सुखाचा क्षण हाच.

बाटलीच्या पिंजऱ्याचा बोल्टही एम5च असतो, पण 12 ते 15 मिलिमीटरचा. स्पेसरनंतर आट्यांना काहीच उरत नाही. म्हणून 30 मिलिमीटरचे दोन जादा बोल्ट हँडलबार बॅगेत हवेतच. कॅरिअरसोबत येणारे स्टेनलेस बोल्ट स्पेसर नसेल तिथे ठीक. स्पेसर असेल तिथे 8.8 ग्रेडचा, म्हणजे जास्त ताकदीच्या स्टीलचा घ्यावा, गंजला तर बदलता येतो. आट्यांना निळा थ्रेडलॉकर (बोल्ट सैल पडू न देणारा गोंद), 5 ते 6 न्यूटन-मीटरने आवळायचा, आणि पहिल्या 20 किलोमीटरनंतर पुन्हा 4 नंबरच्या ॲलन कीने (षट्कोनी चावीने) तपासायचा.

हे लिहिता लिहिता एक सुचलं: बोल्ट उलटा का बसवू नये? बटण-डोक्याचा बोल्ट आतून घालून आधी आयलेटमध्येच आवळायचा, मग बाहेरून स्पेसर, कॅरिअरचा पाय, वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न पडणारा). नट डोळ्यासमोर राहतो, त्यावर मार्करची रेघ मारली की सैल पडलेला लगेच दिसतो. तुटलाच तर आतलं टोक डोक्यासकट ॲलन कीने निघतं. अडचण एकच, आतलं डोकं रोटरला (ब्रेकच्या चकतीला) घासता कामा नये. चाक बसवून फिरवून पाहायचं. सहाचं आयलेट, दहाचा स्पेसर, सहाचा पाय, एकाचा वॉशर, पाचाचा नट: 28 मिलिमीटर, म्हणजे 30चा बोल्ट जेमतेम पुरतो.

तंबूचं जमलं. बाहेरचं ओलं कापड वेगळ्या पिशवीत वर बांधल्याने आतला तंबू कोरडा राहतोय. पुढच्या टप्प्याआधी स्टोव्ह आणि खाण्याचं सामान, साधारण 4 किलो, फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) पिंजऱ्यांत दोन्हीकडे सारखं वाटणार. मागचे पॅनिअरही (कॅरिअरला टांगलेल्या पिशव्या) रेलवर शक्य तितके पुढे घेणार, फक्त टाच लागणार नाही एवढं बघून.